सोनागिरीच्या काकांचा डबा

पोलिसांत आयुष्य काढलेल्या माणसाला लोक खुनाच्या, दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मी सांगतोही. पण जी घटना आठवायला मला डोक्याला ताण द्यावा लागत नाही, तिच्यात खून नाही, दरोडा नाही. एक जेवणाचा डबा आहे.

तेव्हा मी भोपाळमध्ये सोनागिरीच्या बाजूला एका ठाण्याचा टी.आय., म्हणजे ठाणे प्रभारी होतो. एका अंगाला सरकारी कारखान्याची वसाहत आणि तिला लागून निवृत्त कामगारांनी बांधलेली घरं. रात्रपाळीची माणसं, सायकलींच्या चोऱ्या, होळीला दारू पिऊन मारामाऱ्या, असा आमचा माल. मराठी घरं बरीच होती. महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली माणसं निवृत्त झाली आणि इथंच राहिली. मुलं मात्र पुण्याला, बंगलोरला, नाहीतर कुठंच नाही.

या म्हाताऱ्या माणसांसाठी नगर निगमच्या अनुदानातून एक भोजन केंद्र चालायचं. सामुदायिक भवनात महिला मंडळाच्या बायका दुपारचा स्वयंपाक करत. ज्यांना चालवत असे ते तिथं येऊन जेवत, ज्यांना चालवत नसे त्यांना स्टीलचा डबा घरी जाई. केंद्र सांभाळणाऱ्या बाई वसाहतीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. अर्ध्या वसाहतीचे कान त्यांनी पिरगाळले होते, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणत. मीही.

एके सकाळी बाई ठाण्यात आल्या. ठाण्याचा कारकून, म्हणजे मुन्शी, रोजनामच्याची नोंदवही लिहीत होता, त्याला म्हणाल्या, "अक्षर सुधार जरा," आणि माझ्यासमोर बसल्या.

"साहेब, तक्रार नाही. संशय आहे. आणि तो खरा निघाला तर माझंच नुकसान आहे."

एका काकांचं प्रकरण होतं. कारखान्यात फोरमन होते, बायको वारलेली, गुडघ्यांनी कामातून गेलेले, म्हणून डबा घरी जायचा. घरात मुलगा असे. या काकांची एक जुनी रीत होती. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. आपल्याकडे पूर्वी शेजारचं भांडं परत देताना चिमूटभर साखर तरी घालून देत असत. काका सरकारी डब्यालाही तोच नियम लावत. धुतलेल्या डब्यात कधी साखर, कधी कढीपत्त्याची डहाळी, काही नसेल तर तुळशीची दोन पानं. स्वयंपाकाच्या बायका आधी हसत, मग वाट बघायला लागल्या होत्या.

"आणि आता डबा रिकामा येतोय," बाई म्हणाल्या. "धुतलेला, चकचकीत, रिकामा. पहिल्यांदा वाटलं, आजारी असतील. मी घरी गेले तर मुलगा दारातच म्हणाला, बाबा सो रहे हैं. पुन्हा गेले, पुन्हा झोपलेले. फोरमन माणूस दुपारी झोपत नसतो साहेब."

मी म्हणालो, तुळशीची पानं येत नाहीत म्हणून पोलीस पाठवू का? बाईंनी माझ्याकडे गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. त्यांची अडचण मला माहीत होती. निगममध्ये अनुदानाचा विषय चर्चेला होता. घरपोच डब्यांत घोटाळा आहे, ते बंद करा, असं काही नगरसेवक म्हणत होते. खोटा डबा उघडकीस आला की त्यांना आयतंच कोलीत मिळणार होतं. तरी ही बाई स्वतःहून आली होती. अशा माणसाचं ऐकावं, हे मी नोकरीत फार लवकर शिकलो होतो.

मी साध्या कपड्यात गेलो. मुलगा चाळिशीच्या आतबाहेरचा, दाढी वाढलेली. बायको मुलीला घेऊन इंदूरला माहेरी गेलेली, हे आधी शेजाऱ्यांकडून कळलं होतं. कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये तो कामाला होता, ते बंद पडलं होतं. मी प्यायला पाणी मागितलं. तो आत गेल्यावर मागच्या अंगणात नजर टाकली. दोरीवरचे सगळे कपडे एकाच वयाच्या माणसाचे होते. म्हाताऱ्या माणसाचं धोतर, पायजमा, बंडी, काहीच नाही. बाबांची खोली दाखव म्हटल्यावर तो पेला घेऊन दारातच आडवा उभा राहिला.

ठाण्यात आणल्यावर त्यानं पहिलं उत्तर दिलं, "बाबा नागपूरला बहिणीकडे गेलेत." मी त्याच्यासमोरच बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा? बाबा तर दादाकडेच आहेत ना?"

त्यानंतर तो टेबलाची कड नखानं खरवडत बसला. माझ्या हवालदाराला अशा वेळी हात शिवशिवायची सवय होती, त्याला मी बाहेर पाठवलं. मारून माणूस बोलतो, पण तुम्हाला हवं ते बोलतो. मला म्हातारा हवा होता. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात खुनाचंच कलम होतं आणि त्या अंगणातली माती उकरलेली दिसते का, हे मी आठवत होतो.

"घर कोणाच्या नावावर आहे?" मी विचारलं.

"बाबांच्या. साहेब, तुम्ही समझते आहात तसं काही नाही. मी बाबांना गाडीत बसवून दिलं. नागपूरच्या. विंडो सीट दिली, पानी की बोतल दिली."

"आणि बहिणीला कळवलं?"

"प्लॅटफॉर्मवरून फोन केला ना. ती म्हणाली, अभी मत भेज, सासू बीमार आहे, जागा नाही. मी म्हटलं, मी भेजतोय, आणि फोन काटला."

"बाबा कुठं होते तेव्हा?"

तो खाली बघायला लागला. "बाजूलाच. बाकावर."

भाऊबहिणीत घराच्या वाटणीवरून अबोला होता. भावानं फोन कापला, त्याला वाटलं आता ती काय करणार, घेईलच ठेवून. बहिणीला वाटलं, एवढं सुनावल्यावर पाठवणार नाही. पोचले का, असा एक फोन कोणीही केला नाही. मी विचारलं, का नाही केला? तो म्हणाला, "बोलणं नव्हतं ना, साहेब." आपल्या घरांतून अबोला किती प्रामाणिकपणे पाळला जातो! एवढ्या निष्ठेनं लोक औषधाच्या वेळा पाळत नाहीत.

"डबा का घेत होतास?"

"बंद केला असता तर विचारायला आले असते, बाबा कुठं आहेत म्हणून." थोड्या वेळानं म्हणाला, "आणि जेवायला लागतं."

मी ते वाक्य बयानात घेतलं नाही. कामाचं वाटलं नाही.

माणूस हरवल्याची नोंद केली. रेल्वे पोलिसांना बिनतारी संदेश गेले. इटारसीपासून नागपूरपर्यंत बेवारस मृतदेहांची चौकशी झाली. नागपूरहून बहीण येऊन ठाण्यात रडली, भावाच्या अंगावर धावून गेली. काकांचा एकच फोटो मिळाला, तोही कारखान्यातला, जाड मिशांचा आणि भरल्या अंगाचा. त्यावरून कोण कोणाला ओळखणार? वृद्धाश्रमांना नाव कळवलं, सगळीकडून नकार आले. उलटलेला प्रत्येक दिवस आमच्या विरुद्ध जात होता. अशा शोधात शेवटी काय हाती लागतं, हे मला अनुभवानं ठाऊक होतं.

मग मी स्वतः फोन करायला बसलो. बैतुलच्या एका आश्रमाच्या व्यवस्थापकानंही नाव ऐकून नाही म्हटलं. फोन ठेवता ठेवता मी त्याला काकांची ती भांड्याची सवय सांगितली.

"साहब, नाम तो दूसरा है. लेकिन एक बाबा हैं. डेअरीवाले हमारे यहाँ छाछ की बरनी भेजते हैं ना, वो उसको खाली नहीं जाने देते. कभी जासवंद का फूल डालते हैं, कभी नींबू. डेअरीवाली कहती है, इनको नाराज मत करना."

मी जीप काढली.

काका आश्रमाच्या ओसरीवर मटार सोलत बसले होते. फोटोतल्या मिशा पांढऱ्या आणि विरळ झाल्या होत्या. मी मराठीत म्हणालो, "काका, सोनागिरीहून आलोय." त्यांनी मटाराची शेंग हातातच धरली आणि माझ्या बुटांकडे बघितलं. बुटांवरून पोलीस ओळखणारी पिढी ती.

"मुलाला धरलंत का?" पहिला प्रश्न हा.

मी सगळं सांगितलं. आई-वडिलांना असं सोडून देणं हा गुन्हा आहे, तुम्ही बोला, मी लिहून घेतो, म्हटलं. ते म्हणाले, "त्यानं मला गाडीत बसवलं. गाडीत बसवणं गुन्हा आहे का? बैतुलला मी माझ्या पायांनी उतरलो. तसं लिहा."

"का उतरलात?"

"पुढे गेलो असतो तर पोरीच्या दारात उभं राहावं लागलं असतं. मागे गेलो असतो तर पोराच्या. इथं गाडी थांबली."

"आणि खोटं नाव?"

"भोपाळला माझ्या हाताखाली शिकलेली किती पोरं आहेत. खरं नाव सांगितलं असतं तर ते त्यांच्या कानावर गेलं असतं आणि कोणीतरी विचारलं असतं, मुलगा कुठे असतो. मग त्याचं नाव सांगावं लागलं असतं."

मी निघताना सहज म्हणून गेलो की डबा मात्र तुमच्या नावानं चालूच होता. काका चमकले. "माझा डबा? मग खातो कोण?"

"मुलगा."

त्यांनी हातातली शेंग बाजूला ठेवली. बाकीचे मटारही तसेच राहिले.

माझ्या दृष्टीनं प्रकरण संपलं होतं. निगमच्या दृष्टीनं ते तिथं सुरू झालं. ज्येष्ठांच्या अनुदानाचं अन्न धडधाकट माणसानं खाल्लं, म्हणून निगमच्या एका अधिकाऱ्यानं फसवणुकीची लेखी फिर्याद दिली, आणि निकाल लागेपर्यंत आमच्या भागातले घरपोच डबे थांबवले. बाई निगमच्या कार्यालयात जाऊन भांडल्या, उपयोग झाला नाही. मग मंडळाच्या बायका आपापल्या घरून अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना पोळीभाजी पोचवत राहिल्या. गुन्हा दखलपात्र होता. पुरावा भक्कम होता. मी चालान, म्हणजे दोषारोपपत्र, कोर्टात पेश केलं. बापाला घराबाहेर काढणारा मुलगा एका कलमातून सुटला, तरी डब्याच्या कलमात अडकतोय, याचं मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

काका साक्षीला आले. बैतुलहून बसनं, काठी टेकत. न्यायाधीशांनी विचारलं, तुमच्या गैरहजेरीत मुलगा डबा घेत होता हे तुम्हाला माहीत होतं का? काका ताठ उभे राहून हिंदीत म्हणाले, "जी हुजूर. मैंने ही बोला था. जाते समय बोल के गया था कि डिब्बा बंद मत करवाना, मैं लौटूँ तब तक तू खा लेना. अन्न वापस नहीं करते."

सरकारी वकिलानं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. आरोपीच्या पिंजऱ्यातला मुलगा बापाकडे बघत होता.

फसवणुकीचा हेतू सिद्ध झाला नाही. खटला पडला. घरपोच डबे पुन्हा सुरू झाले. डबा देणाऱ्यानं माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डबा द्यायचा नाही, हा नियम तेवढा बाईंनी घातला. तो निगमच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा चांगला चालला.

पण त्या दिवशी मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात काकांना गाठलं.

"काका, शपथेवर खोटं बोललात. बैतुलला तुम्हीच मला विचारलं होतं, डबा खातो कोण म्हणून."

काका काठीवर दोन्ही हात ठेवून थांबले. मुलगा लांब, सायकल स्टँडपाशी उभा होता. जवळ यायची त्याची हिंमत होत नव्हती, जायचीही होत नव्हती.

"साहेब," काका म्हणाले, "वरण-भात, दोन पोळ्या आणि मऊ शिजवलेली भाजी असते त्यात. तिखट नाही, मीठ कमी. दातपडक्या माणसाचं जेवण. लहानपणापासून झणझणीत खाणारा पोरगा तो. ते जेवण तो रोज खात होता, म्हणजे घरात दुसरं काही नव्हतं. मी समोरच्या खोलीत राहत होतो आणि मला कळलं नाही. त्याला वाटलं असेल, बापाला पाठवून दिलं की एक खाणारं तोंड कमी होईल."

मी म्हटलं, घर तुमचं आहे, चला, मी आत्ता तुम्हाला तिथं बसवून देतो. त्यांनी मान हलवली. बस पकडायची होती. मुलाच्या दिशेनं त्यांनी एकदा बघितलं, पण हाक मारली नाही, आणि मुलानंही नाही. अबोला आता त्या दोघांच्यात आला होता. काका बैतुललाच राहिले. पुढे माझी बदली झाली.

निवृत्तीनंतर कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे बोलायला बोलावतात, तेव्हा मी हे प्रकरण सांगतो. तपास कुठं चुकला, असं ते विचारतात. तपास चुकला नव्हता. माणूस सापडला, जिवंत सापडला, डबा कोणी खाल्ला तेही सापडलं. आरोपीनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की जेवायला लागतं, आणि मी लेखणी तिथं थांबवली होती, कारण कुठल्याही कलमात ते बसत नव्हतं. आजही बसणार नाही. बापाला गाडीत बसवून मोकळा झालेला मुलगा आणि घरात उपाशी बसलेला मुलगा, यांतला एकच आमच्या कागदावर मावतो. दोघं एकच आहेत हे त्या खटल्यात एकट्या बापाला दिसलं, आणि ते दिसल्यावर त्यानं शपथेवर खोटं सांगितलं.