प्रलयाला आलेला फेस

दिवे लागले, तरी थिएटरात कोणी काही बोलेना.

प्रेस शोला टाळ्या पडत नाहीत हे मला ठाऊक होतं. पण बोंड्याच्या ताटाकडे जाताना माणसं एरवी काहीतरी बोलतात. त्या दिवशी मद्रासचे झाडून सगळे समीक्षक मुकाट्याने चटणी वाढून घेत होते. मी स्टुडिओचा पब्लिसिटी ऑफिसर. समीक्षकांना बोलवायचं, कॉफी पाजायची आणि दुसऱ्या दिवशी चांगलं छापून येईल अशी आशा धरायची, हे माझं काम. पगार मुख्यतः त्या आशेचाच होता.

गोष्ट पन्नासच्या दशकाच्या अखेरची. कोडंबाक्कम या मद्रासच्या सिनेवस्तीतल्या आमच्या स्टुडिओने एका मिशनसाठी छोटं कार्टून चित्र काढलं होतं. बायबलातली नोहाची कथा. देव माणसांवर रागावतो, जलप्रलय आणतो, आणि नोहा आपलं कुटुंब नि प्रत्येक प्राण्याची जोडी तारवात घालून वाचवतो. आमचे मालक, म्हणजे तिकडच्या भाषेत मुदलाळी, त्यांनी आधीच बजावलं होतं, ‘‘रायरे, पेपरवाले बरं बोलले तर दुसरं चित्र काढू. नाहीतर त्या कार्टूनच्या हॉलमध्ये मी सेटचं लाकूड ठेवतो.’’

तंजावरी मराठी माणसाला मद्रासेत सगळे ‘रायर’च म्हणतात. त्या हॉलमध्ये ज्ञानमणी मास्टर नावाचे चित्रकार आणि नऊ बायका काम करत. त्यांतली तुंगाअक्का माझी लांबची बहीण. नवरा गेल्यावर तंजावराहून मुलीला घेऊन आली, तेव्हा मीच तिला तिथे चिकटवलं होतं. त्यामुळे त्या लाकडाची धास्ती मला जरा जास्तच होती.

कॉफीचा पेला घेऊन प्रोफेसर माझ्याकडे आले. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि इंग्रजी दैनिकात सिनेमावर लिहायचे. त्यांनी झोडपलं की चित्र आडवं झालंच म्हणून समजावं.

‘‘मिस्टर राव, तारवाच्या भोवती ते काय होतं?’’

‘‘प्रलय, सर.’’

‘‘आय सी,’’ म्हणाले आणि आणखी एक बोंडा उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पेपर उघडला. नोहाची दाढी त्यांना आवडली होती. जिराफांचं कौतुक होतं. आणि मग: ‘नोहाच्या भोवती प्रलय नाही, न्हाणीघरातला साबणाचा फेस आहे. या पाण्यात बुडण्याची भीती कोणालाच वाटणार नाही. वाटलीच तर स्वच्छ होण्याची.’

दुपारपर्यंत हे वाक्य सगळ्या कोडंबाक्कमला पाठ झालं. इतर पेपरांनीही थोड्याफार फरकाने तेच लिहिलं. मिशनचे फादर तेवढे खूष होते, कारण मुलं घाबरली नाहीत. पण फादरांचं मत पेपरात छापून येत नाही.

मुदलाळी पेपर घेऊन हॉलमध्ये शिरले, मागोमाग मी. ‘‘पाण्याला फेस आला कुठून?’’ मुदलाळींनी विचारलं.

इथे थोडं कामाचं सांगायला हवं. कार्टूनमध्ये मास्टर पेन्सिलीने एकामागून एक चित्रं काढतो. ती सेलवर, म्हणजे आरपार दिसणाऱ्या पातळ तावावर, शाईने गिरवतात, मागून रंग भरतात, मग फोटो घेतात. हे सेल परदेशातून यायचे आणि मोठ्या मुश्किलीने मिळायचे. म्हणून फोटो निघाला की ते टाकीत धुऊन पुन्हा वापरायचे. म्हणजे झालेली चूक दुरुस्त करायला मागे काही उरतच नसे.

गिरवायला हात स्थिर लागतो. मास्टरांनी बायका निवडल्या त्या कोलमच्या परीक्षेवर. कोलम म्हणजे तिकडची रांगोळी. ठिपक्यांभोवती न थरथरता रेघ फिरवायची आणि निघाली तिथेच आणून मिळवायची. रेघ उघडी राहिली तर तिच्यातून वाईट घरात शिरतं, असं तिकडे मानतात. ज्यांचा हात सफाईने फिरला त्यांना नोकरी. त्या सगळ्यांत तुंगाअक्काचा हात सरस, म्हणून गिरवणाऱ्यांची ती मुख्य.

प्रलयाचं काम आलं तेव्हा मास्टरांना कांजिण्या झाल्या होत्या. पेन्सिलचित्रं पाठवून ते घरी पडले. नाताळ तोंडावर, म्हणून त्यांच्यावाचूनच गिरवलं, रंगवलं, फोटो घेतले. आपला प्रलय त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो प्रेस शोलाच.

आता चेहऱ्यावर डाग घेऊन ते आपली पेन्सिलचित्रं टेबलावर पसरत होते. उसळत्या, तुटक, उघड्या रेघा. ‘‘हे मी काढलं. पडद्यावर गोळे गोळे दिसले. अक्का, हे कोणी केलं?’’

‘‘मीच करवलं,’’ तुंगाअक्का म्हणाली. ‘‘तुम्ही तापात होतात, रेघा अर्ध्या सोडल्यात म्हणून वाटलं. आम्ही मिळवून घेतल्या.’’

‘‘अहो, लाट उघडीच असते!’’

‘‘असेल. पण त्या होडीत बायकापोरं आहेत, मुकी जनावरं आहेत. त्यांच्याभोवती उघडी रेघ ठेवायची म्हणता? बरं नव्हे हो ते. आमच्या अम्मानं उंबऱ्यापुढं कधी ठेवली नाही.’’

मास्टरांनी कपाळाला हात लावला. मुदलाळी रागाने काही बोलणार होते, पण त्यांच्या दारातही रोज कोलम पडायचा. त्यांनी पेपराची घडी घातली. मात्र निर्णय बदलला नाही. पोंगलनंतर, म्हणजे संक्रांत झाली की, हॉल रिकामा करायचा.

संध्याकाळी अक्का फाटकाशी माझी वाट पाहत उभी होती. ‘‘रामा, चुकलंच का रे माझं? माझ्यापायी आठ जणी घरी बसणार.’’  प्रोफेसरांचं लिहिणं खरं होतं, आणि अक्काचंही मला खोटं वाटेना. मी नुसता बसस्टॉपपर्यंत तिच्याबरोबर चालत गेलो. फार वाईट वाटलं.

आठवडा गेला असेल. जॉर्ज टाउनच्या बाजारपेठेतून एक चेट्टियार, म्हणजे तिकडचे शेटजी, स्टुडिओत आले. साबणाचा धंदा. इंग्रजी येत नव्हतं, पण जावयाने परीक्षण वाचून दाखवलं होतं. ‘‘तो फेस बघायचाय,’’ म्हणाले.

मुदलाळींना वाटलं, हा आणखी एक टिंगल करायला आलेला. तरी त्यांनी चित्र लावायला सांगितलं. देव रागावला, चेट्टियार जांभई देत बसले. प्रलय सुरू झाला आणि गृहस्थ खुर्चीतून उठलेच. ‘‘हेच! हेच पाहिजे! फक्त तो म्हातारा काढून टाका.’’

‘‘पण इतका फेस तुमच्या साबणाला येतो?’’ मी विचारलं.

‘‘येत नाही हो. पडद्यावर यायला काय हरकत?’’

सेटचं लाकूड अंगणातच भिजत पडलं. साबणाची जाहिरात थिएटरांत गाजली, तिच्यामागे शिकेकाई आली, मग टूथपेस्ट. देवाचा कोप काढायला बसलेले मास्टर वर्षानुवर्षं बुडबुडे काढत राहिले आणि त्याबद्दल रोज कुरकुरत राहिले. त्या हॉलमधला शाईचा वास आणि टाकीपाशी सेल धुताना चाललेली बायकांची बडबड आजही आठवली की जीव हळहळतो. आता तिथे काय आहे, ते बघायला मी जात नाही.

प्रोफेसरांना मी आभार म्हणून साबणाची एक पेटी पाठवली होती. समीक्षक भेटी घेत नाहीत, असा निरोप देऊन त्यांनी ती परत केली. आत एक वडी कमी होती.

या धंद्यात मी एवढंच शिकलो की वाईट परीक्षण शेवटपर्यंत वाचावं. आपण रडत असतो तेव्हा दुसरा कोणीतरी तेच वाचून पत्ता विचारत निघालेला असतो.

अक्काच्या मुलीच्या लग्नात मी हे तिला हसत हसत सांगितलं. म्हटलं, तुझी चूक पावली ग सगळ्यांना. ती मांडवाच्या दारात वाकून कोलम काढत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘चूक कसली? त्या होडीतलं एक तरी बुडालं का, सांग.’’

मी मांडवात पाहिलं. हॉलमधल्या उरलेल्या आठही जणी पाहुण्यांना कॉफी देत फिरत होत्या.

‘‘नाही अक्का,’’ मी म्हटलं. ‘‘एकही नाही.’’