मुलीचा मामा

मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला द्यायची वेळ आली तेव्हा नणंदेनं सरळ विचारलं, "वयनी, मामा म्हणून नाव कोणाचं टाकाचं?" आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मला सख्खा भाऊ नाही. नणंदेनं आपला दीर सुचवला. माणूस उंचापुरा, फोटोत बरा दिसला असता. मी म्हटलं, मामा ठरलेला आहे. त्या मामाला मात्र सांगायचं राहिलं होतं.

जाम गावाला हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान आहे. आमचं रक्ताचं नातं काही नाही. मी दहा वर्षांची आणि तो आठचा असताना एकाच बालगृहातून आम्हाला सिंदीकडच्या एका खेड्यात, भाजी पिकवणाऱ्या घरी सांभाळायला दिलं. कागदावर ते आमचे पालक. माझी आई तेव्हा दवाखान्यात होती. बरी होऊन मला न्यायला आली तर बालगृहात तिला सांगितलं, पोरगी चांगल्या घरी आहे, आता मागे लागू नका. ती मला परत भेटली नाही, आणि हे मी कोणालाच माफ केलेलं नाही. त्या चांगल्या घरी आम्ही उजाडायच्या आधी वांगी तोडायचो, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायचो, आणि त्यांची पोरं शाळेत गेली की गोठ्यातलं शेण काढायचो. बालगृहाचे साहेब चौकशीला येत, तेवढ्यापुरते नवे कपडे मिळत. भेंडीच्या लवेनं माझे हात सुजायचे, म्हणून माझी ओळ तोच तोडायचा आणि वर म्हणायचा, "ताई, तू मोठी आळशी हायेस."

फोनवर सांगितलं तर तो उखडलाच. "माह्यं नाव पत्रिकेत? लोक काय म्हणतीन? मी येतो न लग्नाले, मागं उभा राहीन."

"मामा मागंच उभा राह्यते," मी म्हटलं. "नवरीच्या मागं."

लग्नाच्या दिवशी तो सकाळीच वर्ध्याच्या लॉनवर हजर. नवा कुर्ता, घडीच्या रेघा तशाच. मी त्याला कुंकू लावलं, खांद्यावर दुपट्टा टाकला, पुढच्या सोफ्यावर बसवलं आणि कामाला लागले. मुहूर्ताला भटजींनी मामांना बोलावलं तर सोफा रिकामा. त्या घरातून चौदाव्या वर्षी तो असाच न सांगता पळाला होता. तिसऱ्या दिवशी मला घ्यायला परत आला आणि मग आम्ही दोघंही पळालो, ते वेगळं. इकडे नणंदेचा दीर शर्ट नीट करत उठलासुद्धा. मी इतक्या जोरात "बसा" म्हटलं की बँडवालेही थांबले.

तो सापडला मांडवामागे, आचाऱ्यांजवळ. बाह्या वर, समोर सांबाराचा ढीग, सुरी भराभर चाललेली.

"काऊन रे, इथं काय करून राह्यला?"

"माणसं कमी हायेत त्यायच्याकडं."

"तिकडं मुहूर्त चालला! तुले कोणी सांगतलं हे काम?"

सुरी थांबली नाही. खाली बघतच म्हणाला, "ताई, सकाळपासून नुसता बसून होतो. काहीच काम नाई केलं तं जेवाले कसा बसू?"

मला संताप आला, त्याच्यावर नव्हे, आणि त्या संतापातच रडू फुटलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, स्वतःच्या दुकानाचा मालक! मी सुरी काढून घेतली आणि नव्या शालूच्या पदरानं त्याचे हिरवे हात पुसले. "पोरगी अडून बसली हाये. मामा आल्याशिवाय पाऊल उचलत नाई म्हणते. आता तूच सांग तिले, सांबार महत्त्वाचा हाये म्हणून."

तो आला. पोरीनं त्याचा हात धरला तो थेट बोहल्यापर्यंत सोडला नाही. मंगलाष्टकभर तो मान खाली घालून उभा होता आणि अक्षता टाकायच्या विसरला.

पंगतीत मी त्याला व्याह्यांशेजारी बसवलं आणि समोर पहाऱ्यावर उभी राहिले. दोनदा तो वाढायला उठू लागला, दोनदा मी डोळे वटारले. मग मुकाट जेवू लागला. जिलबीवाला पुढे निघून गेला तेव्हा तो जरा घुटमळला, आणि मग हाक मारून म्हणाला, "भाऊ, अजून एक देजो."

इतक्या वर्षांत त्यानं माझ्यादेखत पहिल्यांदा काही मागून घेतलं होतं. वाढप्यानं एकच वाढली, तर मी त्या वाढप्याच्या हातातलं जिलब्यांचं ताट ओढून घेतलं आणि स्वतः वाढायला लागले.