हबीबभाईंचं उकळतं इंजिन आणि मोरदरी

काही माणसं निसर्गाच्या ओढीनं डोंगर चढतात. आमच्या हबीबभाईंना निसर्ग दाखवला तो त्यांच्या जीपच्या रेडिएटरनं.

धाडच्या बाजारातून आमच्या ढालपिंपरीला येणारी ही जीप नऊ माणसांची आहे, म्हणजे तीत सतरा बसतात. टपावरच्या कोंबड्या वेगळ्या. घाटाच्या तिसऱ्या वळणावर ती न चुकता उकळते. मग हबीबभाई उतरतात, बॉनेट उघडतात, वाफेला दोन शिव्या घालतात आणि कॅनमधलं पाणी धार धरून ओततात. इंजिनाचा राग शांत व्हायला वीस मिनिटं लागतात. दिवसातून दोनदा, सत्तावीस वर्षं हेच चाललं आहे.

त्या वळणाखाली मोरदरी आहे. समोर काळा कातळकडा, त्याच्या पायथ्याशी सालई, धावडा आणि पळस यांची दाटी, तळाला उन्हाळ्यातही हट्टानं वाहणारा झरा. वीस मिनिटं दुसरं काही पाहण्यासारखं नसल्यामुळे हबीबभाई दरीकडे पाहत राहिले, आणि एक दिवस, त्यांच्याच शब्दांत, "दिल लागून गेलं ना बाप्पा!"

प्रवाशांचं दिल मात्र एकमेकांच्या कोपरांवर लागलेलं असे. तापलेल्या जीपमध्ये माणसंही तापतात. ती भांडणं थांबवायला हबीबभाईंनी एक वही आणली आणि सुतळीनं पेन बांधून ती खिडकीला अडकवली. "काऊन भांडून राह्यले? बाहीर पाहा, काय दिसते थे लिहा, खाली सही करा!" वीस मिनिटं सुटका नाही म्हटल्यावर माणूस काहीही लिहितो. 'मोर सात. एक लंगडा.' 'पळस फुलला. बायको माहेरी.' 'धुक्यात काहीच दिसलं नाही, तरी सही करतो.' नऊ वर्षांत अशा पाच वह्या भरल्या, सहावी भरत आली. रोजच्या प्रवासी झुंबरबाईंना लिहिता येत नाही. त्या शेजारच्याला सांगत आणि खाली अंगठा उठवत. अंगठ्याला शाई नसली, तर बॉनेटखालचं ग्रीस चाले.

दोन वर्षांपूर्वी कुणाला तरी त्या कड्यात खडी दिसली. दगड फोडणाऱ्या क्रशरसाठी अर्ज झाला. ग्रामसभेत हबीबभाई पहिल्यांदाच बोलायला उभे राहिले आणि इतके घाबरले की नेमकं चुकीचं बोलले.

"दरी फोडली तं मी गाडी कुठी थंडी करू?"

सभा हसून लोळली. सरपंच गुलाबराव म्हणाले, "हबीबभाई, डोंगर वाचवण्यापरीस नवी गाडी घ्या ना!"

"नवी गाडी घेईन भाऊ," हबीबभाई म्हणाले, "पण नवी दरी कोन्या शोरूमात भेटते, थे सांगा."

मग त्यांनी ऐकलेली एक गोष्ट सभेपुढे ठेवली. वळणावर अडकलेल्या बुलढाण्याच्या एका प्राध्यापकानं त्यांना सांगितलं होतं, की गावानं ठराव केला, तर अशी दरी संरक्षित वारसास्थळ म्हणून जाहीर होऊ शकते. मग तिला कुणी हात लावू शकत नाही. पुढच्या सभेला पुरेशी माणसं जमावीत म्हणून हबीबभाईंनी जीपच्या चार फेऱ्या मारल्या, शेतांतून माणसं उचलून आणली आणि एकाला तर आंघोळीतून. ठराव एकमतानं झाला. प्रस्ताव वर वर सरकत नागपूरला पोचला आणि एप्रिलात पत्र आलं: समिती पाहणीला येत आहे. समितीनं होकार दिला तर दरी वाचणार, नाही तर क्रशरचा रस्ता मोकळा. हबीबभाईंची भूक त्याच दिवशी गेली.

गावाची मात्र वाढली. आमच्याकडे साहेब येणार म्हटलं, की हातांना चुन्याची खाज सुटते. गुलाबरावांनी आदल्या संध्याकाळी वीस माणसं लावून मोरदरी सजवली. वळणावरचे सगळे दगड पांढरे केले. झाडांच्या बुंध्यांना गेरूचे पट्टे ओढले. ज्या शिळेवर सरडे ऊन खात बसतात, तिच्यावर फुटाफुटाच्या अक्षरांत 'सुस्वागतम्' लिहिलं. एक म्हातारी घोरपड तेवढी रंगायची राहिली, कारण ती पळाली.

सकाळी हबीबभाई वळणावर पोचले आणि तसेच गुलाबरावांकडे धावले. "गुलाबराव, हे काय करून ठेवलं?"

"काऊन? चांगलं नाही दिसून राह्यलं?" गुलाबराव खरोखर दुखावले होते.

तेवढ्यात समितीची गाडी आली. समितीच्या प्रमुख मॅडम उतरल्या, त्यांनी दरीकडे पाहिलं, दगडांकडे पाहिलं. "प्रस्तावात 'नैसर्गिक अवस्थेतील दरी' लिहिलंय. हे शाळेचं मैदान कुठून आलं?"

झुंबरबाई पुढे झाल्या. "माय, राग नको करू. पावना येनार म्हनून आमी घर सारवतो ना, तशी दरी सारवली. चुकलं. दुपारपावतर थांब, जशी होती तशी करून देतो."

"चुना निघतो का असा?"

"निघते!" गुलाबराव जमिनीकडे पाहत पुटपुटले. चुना टिकावा म्हणून त्यात डिंक घालायचा असतो. गुलाबरावांनी तो वाचवला होता. ज्या चिक्कूपणावर आम्ही वीस वर्षं कोट्या केल्या, तो त्या दिवशी गावाच्या कामी आला. जीपचे सगळे कॅन उतरले. बायका घागरी घेऊन आल्या, पुरुषांनी गोणपाटाचे बोळे केले. "पाणी झऱ्याकडे जाऊ देऊ नका!" मॅडम ओरडल्या, तशी वीस माणसं मातीचा बांध घालायला धावली. गुलाबराव स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडून 'सुस्वागतम्' घासत होते. 'सु' गेला, 'स्वा' काही जाईना.

वेळ काढायला हबीबभाईंनी मॅडमसमोर सहा वह्या ठेवल्या. त्या आधी चाळू लागल्या, मग वाचू लागल्या, मग चष्मा काढून पुसून पुन्हा वाचू लागल्या. "ही बायको माहेरी गेल्याची नोंद सोडली, तर नऊ वर्षांत पळस केव्हा केव्हा फुलला, ते सगळं आहे यात! कुणी करायला सांगितलं होतं?"

"इंजिननं," हबीबभाई म्हणाले.

मॅडम हसल्या, पण लगेच समोर बोट दाखवून गंभीर झाल्या. कड्याच्या पार वरच्या कपारींखाली पांढरे ओघळ दिसत होते. "तिथलाही चुना काढा."

गुलाबरावांच्या हातातला बोळा पडला. "मायची आन मॅडम, तिथी तं माकडही नाही पोचत!"

"तो आमचा नाही," हबीबभाईंनी पाचवी वही उघडली. झुंबरबाईंचा काळाकुट्ट अंगठा, वर नोंद: 'गिधाडं चार. कड्यावर बसते, तिथीच हगते. पिल्लू एक.'

मॅडमनी दुर्बीण लावली. एकेक कपार तपासली. मग त्या हळूच म्हणाल्या, "आता पिल्लं दोन आहेत."

झुंबरबाई म्हणाल्या, "मंग लिही ना तसं!"

मॅडमनी लिहिलं. सरकारी कागदावर नाही, सहाव्या वहीत, तारखेसकट. दरी वाचवणारी पहिली सही तिथं पडली. दुसरी सात महिन्यांनी नागपुरात, अधिसूचनेवर. मोरदरी वारसास्थळ झाली. क्रशर बारगळला. गावानं हबीबभाईंच्या जीपची मिरवणूक काढली, आणि ती बँडसमोर तिसऱ्या वळणापर्यंत दिमाखात चढून तिथंच उकळली.

फलक लावायला मॅडम पुन्हा आल्या. त्या आधीचे तीन दिवस हबीबभाई काठी घेऊन दगडांवर पहारा देत होते, कारण गुलाबरावांनी या वेळी डिंक आणला होता. पण दगड काळेच राहिले. मॅडमची सरकारी गाडी घाट चढून आली, तिसऱ्या वळणावर खोकली आणि बॉनेटमधून फुस्सकन वाफ सोडून थांबली.

हबीबभाई कॅन घेऊन धावले. त्यांच्या तोंडावर असा आनंद होता, जणू मुलाचं लग्न ठरलं आहे.

"घाई नका करू मॅडम, वीस मिनिटं लागतात," ते म्हणाले आणि सातवी वही पुढे केली. "बसा. काय दिसते थे लिहा."