मेलेल्यांचे पत्ते

सिंगापूरला, बेडोकमधल्या आमच्या ब्लॉकखाली दर वर्षी, चिन्यांच्या सातव्या महिन्यात, एक म्हातारा टेबल टाकून बसायचा. त्या महिन्यात पितर घरी येतात म्हणून चिनी लोक त्यांच्यासाठी कागदी कपडे पाकिटांत घालून जाळतात. त्या पाकिटांवर हा कुंचल्याने पत्ते लिहून द्यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मात्र प्रत्येकाला विचारी, "कोणत्या काळात वारले?" मग नकाशांच्या थप्पीतून त्या राजवटीचा नकाशा काढून करंगळीच्या लांब नखाने हद्द शोधत बसे.

२०१८ साली मला राहवलं नाही. "अंकल, काळाचं काय काम?"

"आमचं गाव मिंग राजवटीत शहराबाहेर होतं, चिंग राजवटीत आत आलं, मग पुन्हा बाहेर गेलं. मेलेल्याला त्याच्या वेळचाच पत्ता कळतो, लाह."

मी बँकेतला माणूस, असल्या गोष्टींना भीक घालत नाही. हसून म्हणालो, "माझंही गाव गेल्या वर्षी पुणे महापालिकेत गेलं."

"वडील?"

"त्याआधीच वारले."

त्याचा कुंचला थांबला. शाई पाकिटावर टपकली, तरी तो माझ्याकडेच बघत राहिला. "मग त्यांना कळवलंस?"

संध्याकाळी आईचा फोन आला. "अरे, काल तुझे बाबा स्वप्नात आले होते. आपल्याच दारात उभे राहून मला विचारत होते, आपलं गाव कुठे गेलं?"

मी तसाच खाली उतरलो. म्हाताऱ्याने एक कोरं पाकीट आधीच बाजूला काढून ठेवलं होतं.