जाळीच्या दोन छत्र्या

जवळा बाजारला मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे, तेव्हा गावात इंटरनेट नव्हतं. बारावीचा निकाल पाहायला पोरं नागनाथाच्या औंढ्याला जायची. औंढ्यात वडलांच्या मित्राचं नेटचं दुकान होतं. त्यांचं नेट अँटेना लावून क्लासपर्यंत आणायचं, तेही निकालाच्या आधी, असं मी ठरवलं. वडील टेलिफोन खात्यातले निवृत्त लाईनमन. त्यांना तर खांबावर चढायला निमित्तच हवं होतं.

नांदेडच्या दुकानदारानं आधी काठीसारखा अँटेना दाखवला. "चारी दिशांना चालतो," म्हणाला.

"आमाला चारी दिशांना काय सांगायचंय?" वडील म्हणाले. "लांबच्या एकालाच हाक मारायची हाय. तोंडापाशी हात धरल्यावानी काई तरी द्या."

मग त्यानं जाळीच्या दोन छत्र्या काढल्या. या एकाच बाजूला बघतात, पण लांबवर.

एक छत्री घेऊन वडील औंढ्याला मित्राच्या गच्चीवर चढले, दुसरी मी क्लासच्या पत्र्यांवर बसवली. मोबाईल कानाला, मांडीवर लॅपटॉप. वडील तिकडून केसभर फिरवायचे आणि विचारायचे, "आलं का?"

"न्हाई."

"आता?"

"न्हाई, बाबा."

दुपारपर्यंत हेच. पत्रे इतके तापले की खाली गोणपाट अंथरावं लागलं. खाली रस्त्यावर चार माणसं मान वर करून उभी. एकानं ओरडून विचारलं, "बाई, कोणतं च्यानल लावून राहिल्या?"

मी रडकुंडीला आले. वडील मात्र शांत. तिकडची छत्री त्यांनी पुन्हा न्याहाळली. मग म्हणाले, "पोरी, तुझ्या जाळीच्या काड्या उभ्या हायत का आडव्या?"

मी पाहिलं. "आडव्या."

"माझ्या उभ्या. मग कसं जुळंल? दोघांच्या बराबर पाहिजेत."

बोल्ट सैल करून मी छत्री पाव फेरा वळवली. पडद्यावर सिग्नलच्या पट्ट्या एकापाठोपाठ एक हिरव्या झाल्या. मी इतक्या मोठ्यानं ओरडले की वडील म्हणाले, "हळू, फोनबिगर ऐकू येऊन राहिलं."

निकालाच्या दिवशी क्लासमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तांड्यावरची एक आई पोरीचा हात धरून आली होती. पोरगी पहिल्या श्रेणीत पास झाली. आईचा विश्वासच बसेना. "हे आलं कुठून?" तिनं वडलांना विचारलं.

वडलांनी दारातून बोट दाखवलं. "तिकडून, औंढ्याहून."

बाईनं लगेच त्या दिशेला हात जोडले. "नागनाथाची कृपा!"

दोन दिवस कंबर शेकत बसलेले माझे वडील तिच्याकडं बघून हसले. "व्हय, व्हय," म्हणाले आणि तिनं पुढं केलेल्या पुड्यातले दोन पेढे उचलले.