बबनची न उघडणारी पुस्तकं

बबन गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या बाजारात मेथी घेत होतो. जुडी हातात तशीच राहिली... त्या रविवारी मी त्याच्याकडे कवठे येमाईला जाणार होतो. असे रविवार मी वर्षभर ठरवतच आलो होतो म्हणा.

कुरकुंभच्या कारखान्यात आम्ही वीस वर्षं एकाच शिफ्टला होतो. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटायचे, हा कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचा. निवृत्त होऊन गावी गेला आणि डोळ्यांचा पडदा खराब झाला. छापील अक्षर दिसेना, मग त्यानं टॅब घेतला. अक्षर बोराएवढं करून वाचायचा. मी म्हणालो, फुकटात मिळतात की रे पुस्तकं. तर म्हणे, "लिवणाऱ्याच्या पोटावर पाय द्यू का? इकतच घ्यायची." एकेक करत चाळीसेक घेतली.

मागच्या वर्षी मी त्याच्याकडे गेलो तेव्हा टॅब सारखा अपडेट मागत होता. मी मोठा शहाणा! इंग्रजी सूचना पुरती न वाचताच बटण दाबलं. पुस्तकं विकणाऱ्या कंपनीनं त्या जुन्या प्रकारच्या फायलीच बंद केल्या होत्या. नव्या ॲपमध्ये मुखपृष्ठं तेवढी दिसत, आतलं एकही पान उघडेना. खूप खटपट केली, पण व्यर्थ. मला बबनकडे बघवेना. "ऱ्हाऊ दे रं, तू काय मुद्दाम केलंस व्हय?" एवढंच तो बोलला. त्याचं अर्धं राहिलेलं पुस्तक माझ्याकडे छापील होतं. "पुढच्या रविवारी येतो, वाचून दाखवतो," असं सांगून मी निघालो... आणि पुन्हा गेलोच नाही. लाज वाटत होती, हेच खरं.

तो गेल्यावर महिन्याने गेलो, ते पुस्तक घेऊन. त्याच्या बायकोनं, शालनवहिनींनी, टॅब पुढ्यात ठेवला. त्यांना वाचता येत नाही. एका मुखपृष्ठाच्या चित्रावर बोट ठेवून त्यांनी अख्खी गोष्ट सांगितली, मग दुसऱ्या चित्राची. "रोज सांजंला चित्र दावायचे आन् आठवंल तसं सांगायचे," त्या म्हणाल्या. नावेच्या चित्रावर मात्र थांबल्या. "ह्याचं म्होरलं त्यास्नी बी म्हाईत नव्हतं. दोघी भनी नावंत बसल्यात, नदी चढलीय. म्हणायचे, मैतर यील, त्यो सांगंल."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. पान सापडायला वेळ लागला, अक्षरं मलाही दिसेनात. तोवर वहिनींनी नावेचं चित्र लावून टॅब उचलला आणि बबनच्या खाटेवर, उशीला टेकवून ठेवला.

"वाचा भावजी," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं."