डाव्या बाजूची भीती

हात्सुए ओकुतानीला गाडी चालवता येत नव्हती, तरी गेली काही वर्षं अर्धी गाडी तीच चालवत होती. नवऱ्याच्या छोट्या पांढऱ्या ट्रकमध्ये ती डावीकडे बसायची आणि डोंगरातल्या हिनातानी गावाहून घाट उतरून खालच्या शहरात पोचेपर्यंत पापणी लवू द्यायची नाही.

"डावीकडे सायकलवाला आहे," ती हळूच म्हणायची.

"दिसतंय मला," इवाओ म्हणायचा.

त्याला दिसत नसायचं. घरात त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटायचा, डावीकडे ठेवलेला चहाचा पेला हटकून लवंडायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिच्यादेखत सांगितलं होतं, की समोरची नजर शाबूत आहे, कडेची गेली आहे आणि आता परत येणार नाही. बाहेर आल्यावर इवाओ म्हणाला, "समोरचं दिसतंय ना? मग झालं. रस्ता समोरच असतो." परवान्याच्या तपासणीत त्याने समोरची चिन्हं धडाधड ओळखली. म्हाताऱ्या चालकांनी गाडीला लावायचं चार रंगांच्या पानाचं चिन्ह मिळालं, ते त्याने औजारांच्या खोलीत फेकून दिलं. जन्मभर त्याने लाकडांनी भरलेले मोठे ट्रक डोंगरातून उतरवले होते. त्या माणसाला तू आता गाडी सोड असं कोण सांगणार?

आणि सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? तो गाडी काढायचा ती तिच्यासाठीच. तिचं हृदय अधू होतं. दर महिन्याला शहरातल्या दवाखान्यात जावंच लागे. बस होती तोवर ठीक होतं, पण ती बंद झाली. बंद झाली त्या दिवशी निरोप द्यायला अख्खं गाव थांब्यावर जमलं, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले, फोटो काढले. आणि आले होते सगळे आपापल्या गाडीतून. थांब्याची पाटी कोणी काढलीच नाही. तिच्याखाली आता गावचा प्रमुख मोरिवाकी आपली पर्सिमन फळांची खोकी ठेवत असे.

त्या शरदात एका सकाळी दरीत दाट धुकं साचलं होतं. शाळेची मुलं पिवळ्या टोप्या घालून एकामागे एक रस्त्याच्या कडेने चालली होती. हात्सुएला ती दिसली. इवाओने वेग कमी केला नाही. तिला वाटलं, आत्ता करेल. आत्ता करेल.

"अहो, मुलं!"

ट्रक कचकन थांबला. काहीतरी चाकाखाली मोडल्याचा आवाज आला. हात्सुएला दार उघडताच येईना. मग रांग सांभाळणारी बाई धुक्यातून पुढे आली. तिच्या हातात चेपलेली पिवळी छत्री होती. तिनेच वाकून माफी मागितली, "मुलं जरा पुढे आली होती, चुकलंच आमचं." जिची छत्री होती ती मुलगी ट्रककडे नुसती टक लावून बघत होती.

बरंच अंतर गेल्यावर इवाओ म्हणाला, "हल्लीची पोरं रस्त्याच्या मधोमध चालतात."

मुलं मधोमध नव्हती. हात्सुए गप्प बसली. त्या दिवशी डॉक्टरांनी छाती तपासताना विचारलं, "आज ठोके फार जलद आहेत, काही झालं का?" ती म्हणाली, "घाट उतरून आले ना, म्हणून."

त्यानंतर तिला पिवळा रंग बघवेना. अंगणात झेंडूची फुलं होती, ती तिने उपटून टाकली. पुढच्या महिन्यात दवाखान्याची तारीख आली तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर रजेवर आहेत." त्याच्या पुढच्या महिन्यात म्हणाली, "मला बरंच वाटतंय." गोळ्या संपत आल्या तशी ती एक गोळी दोन दिवस पुरवू लागली. पाय सुजले. जिना चढताना मधेच बसावं लागे. आपण मेलो तर मेलो, पण आपल्यापायी कुणाचं लेकरू जायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शेजारच्या तामायोने ते पाय बघितले. तामायो विधवा, तोंडाने फटकळ. नवरा गेल्यापासून ती कुठेही जायची तर कुणाच्या ना कुणाच्या गाडीत, आणि दर खेपेला त्या घरी मुळ्याचं लोणचं पोचवायची.

"पाय बघ, मुळ्यासारखे झालेत," ती म्हणाली. "आता तुझंही लोणचं घालायचं का? दवाखान्यात का जात नाहीस?"

हात्सुएने इकडेतिकडे पाहिलं. इवाओ मागे लाकडं फोडत होता. मग पहिल्यांदाच तिने कुणालातरी ती छत्रीची गोष्ट सांगितली. तामायो ऐकताना एकदाही मधे बोलली नाही, आणि त्याचीच हात्सुएला जास्त भीती वाटली.

"शनिवारी सभा आहे," शेवटी तामायो म्हणाली. "नगरकचेरीचा माणूस येतोय, गावाचं पुढे काय करायचं ते विचारायला. मी बस मागणार आहे. तूही बोल."

"मी? मी तिथे चहा देते."

"मग चहा देऊन झाल्यावर बोल."

हात्सुएला झोप लागेना. बस हवी म्हणणं सोपं होतं. पण का हवी, हे विचारल्यावर काय सांगायचं? खरं सांगितलं तर चारचौघांत नवऱ्याची अब्रू जाणार. नाही सांगितलं तर ती मुलं रोज त्या रस्त्याने चालणार.

शनिवारी दुपारी सभागृहातल्या चटयांवर माणसं बसली. पुढे पुरुष, मागे बायका, नेहमीसारखं. नगरकचेरीचा माणूस तरुण होता, अदबीने बोलत होता. तामायोने बसचं काढलं तेव्हा तो म्हणाला, "आजी, आमचीही इच्छा आहे हो. पण इथे बहुतेक घरी गाडी आहे. बसमध्ये बसणार कोण? मागच्या वेळीही रिकामीच धावत होती."

"खरं आहे," गावचा प्रमुख मोरिवाकी म्हणाला. "तामायो-सानला कुठे जायचं असेल तर इवाओ-सान आहेतच की. काय हो, नेणार ना?"

"नेईन की," इवाओ म्हणाला. "फक्त लोणचं नको म्हणावं, घरात ठेवायला जागा नाही."

सगळे हसले. हात्सुए किटली घेऊन भिंतीशी उभी होती. तिने किटली खाली ठेवली.

"आमच्याकडे गाडी आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला, की पुढच्या रांगेतल्यांना वळून बघावं लागलं. "पण आमच्या ह्यांना दिसत नाही. डावीकडचं काहीच दिसत नाही. मध्यंतरी शाळेची मुलगी गाडीखाली येता येता वाचली. तिची छत्री आमच्या चाकाखाली गेली. मी तेव्हा गप्प बसले. मी दवाखान्यात जाणं सोडलंय, ह्यांनी गाडी काढू नये म्हणून. आम्हाला बस हवी आहे."

इवाओने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो उठला, दाराशी जाऊन बूट चढवले आणि बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

हिनातानीत शरदातला सूर्य लवकर डोंगराआड जातो. हात्सुए घरी आली तर अंगणात ट्रक नव्हता. अंधारून येऊ लागलं, तरी नव्हता. संधिप्रकाशात तर त्याला आणखी कमी दिसे. शेवटी विजेरी घेऊन ती रस्त्याने खाली निघाली. पाठोपाठ तामायो आली, तिच्या खांद्यावर आपला कोट टाकला आणि मुकाट्याने चालू लागली.

प्रत्येक वळणावर हात्सुए आधी कठड्याकडे बघे, मग खाली दरीत. एका ठिकाणी कठडा मोडलेला दिसला आणि ती मटकन खाली बसली. "अगं, तो रानडुकरांनी मोडलाय, उन्हाळ्यातच," तामायो म्हणाली. "ऊठ."

बंद पडलेल्या लाकूड-गिरणीच्या आवारात ट्रक उभा होता. दिवे चालू, इंजिन बंद. इवाओ दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक धरून बसला होता. डावीकडचा आरसा तुटून तारेला लोंबकळत होता.

तिने काच वाजवली. त्याने खाली केली.

"परत येताना खालच्या वळणावर काहीतरी लागलं," तो म्हणाला. त्याचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "डावीकडे. काय होतं ते?"

"तुम्ही बघितलं नाही?"

"उतरायचा धीर झाला नाही मला. जाऊन बघ ना."

किती वेळ हा माणूस इथे बसलाय, आणि मागे रस्त्यावर काय पडलंय? तिने तामायोला तिथेच थांबायला सांगितलं. का सांगितलं ते तिलाही कळलं नाही. कदाचित जे असेल ते आधी आपण एकटीनेच बघावं असं वाटलं असेल. विजेरीचा उजेड तिच्या पावलांपुढे सरकत होता. ओली पानं. पुन्हा पानं. एक पिवळसर काहीतरी चमकलं आणि ती जागीच थांबली. तो जिन्को झाडाच्या पिवळ्या पानांचा ढीग होता. पुढे डोंगरकडेच्या सिमेंटच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाचा लांब ओरखडा होता आणि खाली काचा. तिने भिंतीखालचं गटार बघितलं, झुडपं हातांनी बाजूला करून बघितली.

"भिंत होती," परत येऊन ती म्हणाली.

"भिंतच ना?"

"भिंतच."

"परत एकदा बघून ये."

ती परत गेली आणि पुन्हा सगळं बघून आली. तेव्हा कुठे त्याने चाकावरचे हात सोडले. मोरिवाकी आपली गाडी घेऊन शोधत आला, तोपर्यंत ती दोघं ट्रकच्या पायरीवर शेजारी शेजारी बसून होती आणि तामायो उगाच मुळ्याच्या भावाबद्दल बोलत होती.

इवाओने परवाना परत केला. हात्सुएला वाटलं होतं तो तिच्यावर ओरडेल. तो ओरडला नाही. बोलणंच कमी झालं. गावातल्या काही पुरुषांनी मात्र तिला ओळख देणं सोडलं. "आज इवाओची किल्ली गेली, उद्या आमची काढून घेतील," असं एकजण दुकानात तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. ती समोरून येताना दिसली की तो गाडीत बसून काच वर करी.

हिवाळ्यापूर्वी कचेरीने एका बंद पडलेल्या पाळणाघराची गाडी दिली. गावातलेच धडधाकट लोक आळीपाळीने ती चालवणार, आठवड्यातले ठरलेले दिवस शहरात जाणार आणि येणार. पण अट होती. वसंतापर्यंत माणसं बसली नाहीत तर गाडी परत जाणार.

तेव्हापासून हात्सुएला वेगळीच भीती लागली. गाडी निघाली की ती आधी मागची बाकं बघे. कधी ती आणि तामायो, कधी एखादी तिसरी. बर्फ पडला तेव्हा तर चालवणाऱ्या मोरिवाकीखेरीज ती एकटीच. ही गाडी गेली तर सगळं परत तिथेच, हे तिच्या मनातून जाईना. म्हणून जी बाई कुणाच्या दारात विनाकारण उभी राहिली नव्हती, ती दारोदार जाऊ लागली. दार वाजवण्याआधी तिला दर वेळी घाम फुटे.

"आम्ही अजून धडधाकट आहोत," पुरुष म्हणत.

"आहातच," ती म्हणे. "धडधाकट आहात तोवर बसा. हातपाय गेल्यावर चढणार कसे?"

एका घरातल्या सुनेने तिला दारातूनच परत पाठवलं. संध्याकाळी तीच सून मागच्या वाटेने आली आणि कुजबुजली, "सासऱ्यांना घेऊन जाल का? मी बसवलं असं सांगू नका."

इवाओ चढायला तयार नव्हता. एका जुन्या सोबत्याचं वर्षश्राद्ध शहरातल्या देवळात होतं, तेव्हा नाइलाजाने चढला. चालकाच्या पाठीमागे बसला आणि घाटभर पुटपुटत राहिला, "गिअर उशिरा टाकला. बघ, परत उशिरा टाकला." मोरिवाकी वैतागून म्हणाला, "इवाओ-सान, तुम्ही घरीच बरे होतात." मागच्या बायका हसल्या. पुढच्या खेपेला इवाओ काही काम नसतानाही आला, आणि त्याच्यासोबत दोन म्हातारे आले. मोरिवाकीला टोमणे मारायला, असं ते म्हणाले.

वसंतात कचेरीने आणखी एक वर्ष दिलं. एकच वर्ष. आणि मोरिवाकीही काही तरुण होत नव्हता. परवा वळणावर तो जरा जास्तच बाहेर गेला तेव्हा हात्सुएने पुढचं बाक घट्ट धरलं होतं. पुढे गाडी कोण चालवणार, हे ती आता प्रत्येक सभेत विचारते.

पलीकडच्या दरीतल्या लोकांनी तिला बोलावलं. त्यांचीही बस गेली होती. हात्सुए तिथे उभी राहिली, हातातला कागद तिने घडी करून ठेवून दिला आणि छत्रीपासून सांगितलं. बोलताना तिचं लक्ष मागच्या रांगेकडे गेलं. तिथे तिच्याच वयाची एक बाई मान खाली घालून बसली होती. शेजारी नवरा होता आणि त्याच्या मुठीत गाडीची किल्ली होती.

सभा संपल्यावर हात्सुए तिच्याजवळ जाऊन बसली. बाई चटईकडेच बघत होती.

"तुमच्याकडे गाडी कोण चालवतं?" हात्सुएने विचारलं.

"हे चालवतात," बाई म्हणाली. नवरा बूट घालायला दाराकडे गेला, तशी तिने हात्सुएची बाही घट्ट धरली. "आता परत जायचंय आम्हाला. अंधार पडतोय."